नाक्यावर न होणारी मोजदाद

मुंबई–गोवा महामार्गावर सावंतवाडी मागे पडली की बांद्याच्या अलीकडे इन्सुली लागते. घाट, माडांच्या आणि काजूच्या बागा, भाताचे मळे आणि गोव्याची हद्द जवळ आल्याची खूण म्हणून तपासणी नाका. वर्तमानपत्रांत या गावाचे नाव बहुतेकदा एकाच कारणाने छापून येते: गोवा बनावटीची दारू पकडली. महसूल बुडू नये म्हणून राज्य उत्पादन शुल्क विभागाने रात्री जागाव्यात, यात वावगे काही नाही. पण याच रस्त्याने जांभ्याचे चिरे जातात, रेती जाते, आंबा-काजू जातो आणि सकाळच्या गाड्यांनी गोव्यातल्या कारखान्यांत कामाला निघालेली तरुण मुले जातात. उलट दिशेने सिमेंट येते, खताच्या गोण्या येतात, तणनाशकाचे कॅन येतात आणि प्लॅस्टिकात गुंडाळलेला अर्धा संसार येतो. प्रत्येक गाडीचे कागद असतात आणि ते तपासले जातात. या देवघेवीनंतर गावाच्या पदरात काय उरले, ही मोजदाद मात्र कोणत्याच नाक्यावर होत नाही.

‘शाश्वत विकास’ हा शब्द आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही रंगवलेला दिसतो. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रंटलंड आयोगाने 1987 साली त्याची व्याख्या केली. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ नये, असे तिचे सार. 2015 मध्ये जगातल्या देशांनी त्याची 17 उद्दिष्टे आणि 169 लक्ष्ये ठरवली. ती सगळी पाठ असलेला सरपंच अजून जन्मायचा आहे, आणि तो जन्मला तरी त्याचा फार उपयोग होईल असे नाही. याद्या वाढल्या की त्यातली सोयीची ओळ उचलण्याची सोय होते. कारखाना एक झाड लावतो, फोटो काढतो आणि एका उद्दिष्टासमोर टिक करतो. म्हणून थोडक्या, तपासता येतील अशा तत्त्वांची गरज भासते. पुढची पाने अशाच तत्त्वांबद्दल आहेत.

त्यांची सर्वात नेटकी मांडणी केली ती कार्ल-हेन्रिक रोबेर या स्वीडिश डॉक्टरांनी. ते कर्करोगतज्ज्ञ. पर्यावरणावरच्या वादांत तज्ज्ञ मंडळी फांद्यांवर भांडतात आणि बुंध्याकडे कोणी पाहत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी वेगवेगळ्या विद्याशाखांच्या शास्त्रज्ञांकडे एक मसुदा पाठवला, आक्षेप मागवले, दुरुस्त्या केल्या आणि तो पुन्हा पाठवला. असे वीसेक वेळा झाल्यावर सर्वांना मान्य होईल असा मजकूर उरला. 1989 मध्ये त्याची पुस्तिका आणि ध्वनिफीत स्वीडनमधल्या घराघरांत आणि शाळांत पोचवण्यात आली. पुढे त्यातून चार अटी तयार झाल्या. जमिनीच्या पोटातून काढलेले धातू, कोळसा, तेल यांची द्रव्ये निसर्ग पचवू शकतो त्याहून वेगाने साठत जाता कामा नयेत. माणसाने बनवलेल्या रसायनांचे आणि वस्तूंचेही तसेच. जंगल, माती, पाणी, समुद्र यांची झीज भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त होता कामा नये. आणि आपल्या गरजा भागवण्याची ताकदच खुंटेल अशा परिस्थितीत समाजाने कोणालाही लोटता कामा नये.

हे सगळे स्वीडनमधून आयात केले, असे समजण्याचे कारण नाही. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत पाहत होते. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिले. ते 1945 मध्ये गांधीजींच्या प्रस्तावनेसह निघाले. ओरबाडून जगणारी व्यवस्था आणि घेतले त्याची परतफेड करत टिकणारी व्यवस्था, असा भेद त्यांनी निसर्गातली उदाहरणे देऊन केला होता. तेव्हा खनिज तेलाचे युग भरात यायचे होते आणि हवामानबदल हा शब्दही लोकांच्या तोंडी नव्हता.

आता या चार अटी इन्सुलीच्या आसपासच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत लावून पाहाव्यात. त्यासाठी मुद्दाम उदाहरणे शोधत फिरावे लागत नाही.

पहिली अट जमिनीच्या पोटातून काढलेल्या द्रव्यांची. बांद्याहून दोडामार्गकडे निघाले की कळणे लागते. तिथे लोहखनिजाची खाण आहे. गावकऱ्यांनी तिला विरोध केला, सुनावणीत हरकती घेतल्या, रस्त्यावर उतरले, तरीही खाण झाली. कोकणातल्या डोंगराची रचना पाहिली तर विरोधाचे कारण कळते. माथ्यावरचा जांभा आणि त्याखालची माती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि ते पुढे कित्येक महिने झऱ्यांतून, वहाळांतून बागायतीला मिळते. वरचा थर काढला की डोंगर जातो आणि पाण्याचा साठाही जातो. उरलेली माती पावसाळ्यात खाली येते. 29 जुलै 2021 रोजी कळण्याच्या खाणीतला मातीचा बांध फुटला आणि लाल चिखलाचा लोंढा घरांत, शेतात, बागायतीत घुसला. भाताचे उभे पीक गाडले गेले. पंचनामे झाले, पण शेतावर पसरलेला खाणीचा गाळ पंचनाम्याने उचलला जात नाही.

हद्दीपलीकडे गोव्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडून गेले होते. खाणींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2012 मध्ये तिथल्या खाणी थांबवल्या. एप्रिल 2014 च्या निकालात वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजविक्रीच्या 10 टक्के रकमेतून एक कायमस्वरूपी निधी उभारायला सांगितले. या निधीमागचा विचार महत्त्वाचा आहे. खनिज ही एकदाच मिळणारी वडिलोपार्जित ठेव आहे. एका पिढीने ती विकून खाल्ली, तर पुढच्या पिढीच्या वाट्याला निदान पैसा तरी राहायला हवा. ही कायद्याच्या भाषेत उतरलेली शाश्वततेची कल्पना आहे आणि ती इन्सुलीपासून तासाभराच्या अंतरावर लागू झाली. सिंधुदुर्गाला तिची गरज नाही, असे म्हणणारा कोणी असेल तर त्याने कारण द्यावे.

दुसरी अट रसायनांची आणि प्लॅस्टिकची. काजूच्या बागेत पूर्वी पावसाळ्यानंतर बेणणी व्हायची, म्हणजे कोयत्याने झुडपे आणि गवत काढायचे. मजूर मिळेनासे झाले आणि त्या जागी तणनाशक आले. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण मुले मुंबईत किंवा गोव्यात असताना साठीच्या माणसाने पाच एकर बाग कोयत्याने कशी बेणावी, याचे उत्तर दोष देणाऱ्याने आधी द्यायला हवे. कचऱ्याच्या बाबतीत मात्र जवळच एक समाधानकारक उदाहरण आहे. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना वेंगुर्ले नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करून घेण्याचा आग्रह धरला, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लॅस्टिक डांबरी रस्त्यांत वापरले आणि डम्पिंग ग्राउंडच्या जागी लोक सहलीला येतील अशी जागा उभी केली. छोट्या गावाला हे जमते. मोठ्या शहरांना का जमत नाही, हा वेगळ्या पुस्तकाचा विषय.

तिसऱ्या अटीपाशी जास्त थांबायला हवे, कारण इथे या भागाची खरी श्रीमंती आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे देवाच्या राईत रानजायफळांची दलदल आहे. पाण्यातून गुडघ्यांसारखी वर आलेली मुळे, गर्द सावली आणि लाखो वर्षांपूर्वीच्या जंगलाचा हा उरलेला तुकडा. अशा दलदली दक्षिणेकडे केरळ-कर्नाटकात आढळतात, महाराष्ट्रात असे काही असेल अशी अपेक्षाच नव्हती. 2018 मध्ये तिची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली आणि 2021 मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र अवघे 2.59 हेक्टर. ते राखायला कोणी वनरक्षक नेमला नव्हता. राईतली काठीही घरी न्यायची नाही, एवढ्या एका दंडकावर ते टिकले.

राईच्या बाहेर तोच दंडक लागू नव्हता. गेल्या काही दशकांत दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत मोठाली खासगी जंगले तुटली आणि त्या जागी रबर आला, अननस आला. कागदोपत्री तीही हिरवळच. पण या दोन तालुक्यांचा पट्टा राधानगरीच्या जंगलाला गोव्याच्या आणि कर्नाटकाच्या जंगलांशी जोडतो. वाघ याच वाटेने येतात. 2002 पासून कर्नाटकातून हत्तीही आले आणि ते तिलारी परिसरात रमले. केळीची बाग एका रात्रीत जमीनदोस्त झालेल्या शेतकऱ्याला वन्यजीव मार्गाचे महत्त्व समजावून सांगायला जाणाऱ्याने आधी भरपाईचा धनादेश खिशात ठेवावा. संरक्षणाचा फायदा साऱ्या देशाला आणि खर्च एका शेतकऱ्याला, ही वाटणी टिकणारी नाही. इथेच तिसरी अट चौथीत शिरते.

2011 साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने अहवाल दिला. त्यावरून जो गदारोळ झाला तो सर्वांना आठवतो: संवेदनशील क्षेत्र म्हणजे लोकांना घराबाहेर काढणार, घराला रंग देतानाही परवानगी लागणार, वगैरे. त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या 25 गावांनी आपण होऊन ठराव केले होते की आमचे गाव संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करा. बांद्याजवळचे असनिये हे खाणीला नकार देणाऱ्या गावांत पुढे होते. या गावांना कोणी धमकावले नव्हते. शेजारी काय झाले ते त्यांना दिसत होते. वनशक्ती आणि आवाज फाउंडेशन या संस्था हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने या पट्ट्याची अधिसूचना चार महिन्यांत काढण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने पश्चिम घाटासाठी मसुदा काढला, तो सहावा. दरम्यान नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाचा सुमारे 802 किलोमीटरचा प्रस्ताव आला आणि तो याच डोंगरांतून उतरून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला संपणार असे जाहीर झाले. गावाने मागितलेले तेरा वर्षांत मिळाले नाही आणि गावाने न मागितलेले नकाशावर आले, एवढे सांगितले तरी पुरे.

सरकारने निसर्ग राखायचा ठरवला तरी लोकांना वगळून काय होते, हे मालवणला पाहता येते. 1987 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा 29.12 चौरस किलोमीटरचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हेतू उत्तम होता. पण त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांना विश्वासात घेतले गेले नाही. विरोध झाला आणि अभयारण्य बव्हंशी कागदावर राहिले. याच किनाऱ्यावरच्या रापणकरांनी आणि लहान होड्यांच्या मच्छीमारांनी पर्ससीन नेटविरुद्ध वर्षानुवर्षे झगडून फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारला निर्बंध आणायला लावले. एलईडी दिवे लावून चालणाऱ्या मासेमारीवर पुढच्या वर्षी बंदी आली. म्हणजे समुद्र राखायला या लोकांची ना नव्हती. चौकोनी आसाचे जाळे वापरले तर लहान मासळी सुटून जाते, हे त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. शेजारच्याची बोटही तेच जाळे वापरील, एवढी खात्री त्यांना हवी होती. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामायिक कुरणे, जंगले, पाट आणि मच्छीमार गावे अभ्यासून 1990 मध्ये हेच मांडले. नियम वापरणाऱ्यांनी केलेले असावेत, देखरेख त्यांचीच असावी, मोडणाऱ्याला दंड हळूहळू चढत जावा आणि वरच्या सत्तेने त्यांच्या या हक्कात ढवळाढवळ करू नये. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गाव करी ते राव न करी, असे आपल्याकडे म्हणतात. ऑस्ट्रॉमबाईंनी त्याला पुरावे जोडले.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. जुना गाव निसर्गाला धरून होता म्हणून तो न्यायी होता, असे गणित मांडले जाते आणि ते खोटे आहे. ज्या गावराहाटीने राई राखली, तिनेच मानपानाची उतरंडही राखली. देवाचा कौल घेताना कोण कुठे उभा राहणार हे जातीने ठरलेले होते. बागायत कोणाची आणि त्यात राबणार कोण, हेही ठरलेलेच होते. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमीन देऊ केली, तेव्हा कोकणात किती घरे पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या सातबाऱ्याकडे पाहत होती! वाडीवाडीतल्या बायका सरपण, पाणी, भाताची लावणी सगळे करत होत्या आणि बैठकीत त्यांना जागा नव्हती. त्या व्यवस्थेत परत जायचे, असा प्रस्ताव या पुस्तकात कुठेही नाही.

रोबेर यांच्या गटातल्या संशोधकांनी पुढे चौथ्या अटीचे पाच भाग केले. आरोग्य, निर्णयात सहभाग, शिकण्याची आणि कर्तबगारीची संधी, निष्पक्षपणा आणि जगण्याला अर्थ देणाऱ्या गोष्टी. यांच्या आड येणारे अडथळे व्यवस्थेत नसावेत. सिंधुदुर्गात यातला पहिलाच भाग लंगडा आहे. गंभीर आजारी माणसाला अनेक वर्षे सरळ गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेले जात आले आहे. 2018 पासून गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात आरोग्यासाठी मोठे आंदोलन झाले. ज्या तालुक्यातल्या तिलारी धरणासाठी गावे उठली आणि ज्या धरणाच्या पाण्यातला 73.30 टक्के वाटा गोव्याचा आहे, त्या तालुक्याला शेजारच्या राज्यात उपचारासाठी पैसे मोजावे लागतात, ही लोकांच्या मनातली सल होती. गोव्याला त्यात एकट्याने दोषी धरता येणार नाही. आपल्या जिल्ह्यात सुसज्ज इस्पितळ उभे करणे हे महाराष्ट्राचे काम होते.

आणि जगण्याची संधी? 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. सारा देश वाढत असताना हा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया, हा आकडा कौतुकाने सांगितला जातो. त्यात मुंबईला गेलेल्या पुरुषांची संख्या दडलेली आहे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतो, घराला रंग काढतो आणि परत जातो. पडीक मळे, न वापरलेले पाट, कुलूपबंद माजघरे. निसर्ग राखला आणि माणसेच उरली नाहीत, तर त्याला शाश्वत समाज म्हणता येणार नाही.

म्हणून उपजीविकेची उदाहरणे शोधावी लागतात, आणि ती आहेत. झारापची भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान ही संस्था डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने घरोघरी बायोगॅस उभारत आली. गोठ्यातले शेण चुलीला गॅस देते आणि उरलेली स्लरी परसबागेला जाते. सिलिंडरचा पैसा वाचतो, बाईचा धुरातला वेळ वाचतो आणि गुरे पाळायला कारण उरते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटातल्या महिलांनी 2017 मध्ये कांदळवन सफर सुरू केली. होडी त्याच वल्हवतात आणि कोणते झाड कोणते, कोणता पक्षी कुठला, तेही त्याच सांगतात. कांदळवन उभे असेपर्यंतच त्यांचा धंदा चालणार असल्याने राखणदारीसाठी वेगळा पगार लागत नाही.

या सगळ्यात सर्वात पुढे गेलेले गाव मात्र कोकणातले नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली 1,800 हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हा हक्क मिळवणारे ते देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या माणसांनी तिथे आधी अभ्यासगट चालवले आणि सर्वसहमतीशिवाय निर्णय घ्यायचा नाही अशी शिस्त लावली. हक्क मिळाल्यावरही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. कोणता बांबू, किती आणि कोणत्या भावाने बाहेर जाणार, ही नोंद त्या दिवसापासून गाव करू लागले.

सिंधुदुर्गात तशी जमीन नाही, असे म्हणता येणार नाही. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली, चौकुळ, गेळे या गावांची कबुलायतदार गावकर पद्धतीची सामायिक जमीन होती. सातबाऱ्यावर सरकारचे नाव लागल्याने ती सोडवून घेण्यासाठी गावे कित्येक वर्षे भांडत आली. जैवविविधता कायदा 2002 पासून आहे, आणि त्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. अनेक ठिकाणी ती नोंदवही एका ठेकेदाराने चार गावांची एकसारखी लिहून कपाटात ठेवलेली असते. हा कायद्याचा दोष नाही. ती उघडून पाहायला कोणी मागितली नाही, इतकेच.

पुढच्या प्रकरणांत पाणी, ऊर्जा, शेती, कचरा, आरोग्य आणि निर्णयप्रक्रिया यांचा एकेक करून विचार येईल. वाचकाने ती मान डोलावत वाचू नयेत, आपल्या गावाशी ताडून पाहावीत. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या चार ठरलेल्या तारखा आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. त्याआधी महिलांची सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतला कमी आकडा पुरतो. इन्सुलीच्या, बांद्याच्या किंवा कुठल्याही गावच्या माणसाने पुढच्या सभेला जावे, नोंदवही मागावी, आणि गेल्या वर्षी गावातून काय गेले आणि गावात काय आले, याचा हिशेब विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा. मुंबईत असलेल्यांनी त्या तारखा पाहून रजा टाकावी.